शब्दचर्चा: इंग्रजी अग्रलेखातले ‘रेजीम’, ‘सँक्शन’ आणि ‘टेबल’

शंका: राज्यसेवेची तयारी करते आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान वाचते, अडलेले शब्द अर्थासह वहीत उतरवते. वही भरत आली, पण निबंध लिहायला बसलं की त्यातला एकही शब्द आठवत नाही. शिवाय कोशातला अर्थ कधी कधी लेखात बसतच नाही. ‘रेजीम’चा अर्थ ‘शासनव्यवस्था’ असा मिळाला. मग लेखक सरळ ‘गव्हर्न्मेंट’ का लिहीत नाही?

उत्तर: ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, बाकीच्याचं उत्तर त्यातच आहे. राजकीय मतलेखातला शब्द एका वेळी दोन गोष्टी सांगतो: विषय काय आहे आणि लेखक त्याच्याकडे कुठल्या नजरेनं पाहतो. ‘गव्हर्न्मेंट’ कुठल्याही सरकारला चालतं. सीरियातल्या असद यांच्या सरकारला ‘असद रेजीम’ लिहिणाऱ्यानं मात्र ते सरकार दडपशाहीचं आहे हा निकाल आधीच दिलेला असतो. तोच शब्द अर्थसंकल्पाच्या लेखात ‘न्यू टॅक्स रेजीम’ म्हणून येतो तेव्हा त्यात कसलाही डंख नसतो, ती फक्त करप्रणाली. आपल्या ‘राजवट’ शब्दाचंही असंच आहे. ‘निजामाची राजवट’ म्हणताना आवाज बदलतो, ‘राष्ट्रपती राजवट’ म्हणताना नाही.

म्हणून वहीत अर्थाशेजारी एक खूण करा: शब्द कौतुकाचा, टीकेचा की तटस्थ. कोश हे दर वेळी सांगत नाही, लेख नेहमी सांगतो. सुरुवात क्रियापदांपासून करा, कारण मत तिथेच लपतं. मंत्री ‘सेड’ म्हणजे म्हणाले. ‘क्लेम्ड’ म्हणजे तसा दावा केला, लेखकाला तो पटलेला असेलच असं नाही. ‘अ‍ॅडमिटेड’ म्हणजे कबूल केलं, म्हणजे लपवण्यासारखं काही होतं. ‘इन्सिस्टेड’ म्हणजे कोणी विरोध केला तरी तेच ठासून सांगितलं. मंत्र्यांचं वाक्य तेच, पण क्रियापद बदललं की वाचकाच्या मनातली त्यांची प्रतिमा बदलते. हे एकदा दिसू लागलं की अग्रलेख वाचण्याची गोडी वेगळीच लागते.

आता कोशातला अर्थ न बसणारे शब्द. ‘सँक्शन’ हा त्यातला सर्वांत फसवा. सरकारनं निधी ‘सँक्शन’ केला म्हणजे मंजूर केला. आपण मराठीतही ‘लोन सँक्शन झालं’ म्हणतो. पण रशियावर ‘सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध, अगदी उलट टोक. अनेकवचन आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ दिसलं की बहुधा निर्बंध समजायचं. ‘ओव्हरसाइट’ही तसाच: ‘पार्लमेंटरी ओव्हरसाइट’ म्हणजे संसदेची देखरेख, ‘अ‍ॅन ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूक.

‘टेबल’चा घोटाळा याहून मोठा. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये अहवाल ‘टेबल’ केला म्हणजे सभागृहाच्या पटलावर ठेवला. अमेरिकेत प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे बाजूला सारला, चर्चा टाळली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. एका बाजूला कागद तातडीनं चर्चेला हवा होता, दुसरी बाजू तो मागे ठेवायला तयार नव्हती, म्हणजे दोघांना हवं होतं तेच. चर्चिल यांनी आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. तेव्हा परदेशी वर्तमानपत्र वाचताना ते कुठल्या देशाचं हे आधी पाहावं.

शब्द लिहिताना आठवत नाहीत याचं कारण माझ्या मते वहीची पद्धत. एकटा शब्द आणि समोर एकटा अर्थ, असं लिहिलं की तो ओळखता येतो, वापरता येत नाही. शब्द नेहमीच्या सोबत्यांसकट उतरवा. ‘व्हिप’ घ्या, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. पक्ष तो ‘इश्यू’ करतो, आमदार तो ‘डिफाय’ करतो. हा शब्द शिकायला महाराष्ट्राइतकं चांगलं उदाहरण नाही. शिवसेनेतल्या फुटीवरच्या 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की व्हिप काढणारा माणूस (त्यालाही इंग्रजीत ‘व्हिप’च म्हणतात) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या आमदारांच्या गटाचा नाही. त्या काळातले इंग्रजी लेख काढून वाचा. ‘डिफेक्शन’, ‘स्प्लिट’, ‘मर्जर’, ‘डिस्क्वालिफिकेशन’ हे सगळे शब्द एकमेकांना धरून सापडतील. घटनाक्रम माहीत असल्यानं अर्थ शोधायची गरजही फारशी पडणार नाही. आणि मराठीत व्हिप काढणाऱ्याला ‘प्रतोद’ म्हणतात. प्रतोद म्हणजे चाबूक, इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ तोच.

आणखी एक करून बघा. एकाच घटनेवरचा मराठी अग्रलेख आणि इंग्रजी अग्रलेख एकाच दिवशी वाचा, आधी मराठी. 6 जानेवारी 1832 ला सुरू झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई. आपल्या पत्रकारितेची सुरुवातच अशी दोन भाषांच्या शेजारात झाली, ती सवय आपण का सोडावी?

दुसऱ्या वाचकाची शंका: सर, ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरच्या लेखांत सारखा दिसतो. तो ‘डीलिमिटेशन’चा समानार्थी आहे का?

उत्तर: नाही, आणि परीक्षेत तर मुळीच अदलाबदल करू नका. ‘डीलिमिटेशन’ म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम, तटस्थ शब्द. ‘जेरीमँडरिंग’ हा आरोप आहे: स्वतःच्या पक्षाला जागा मिळाव्यात म्हणून सीमा वेड्यावाकड्या ओढणं. 1812 मध्ये मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मतदारसंघांच्या नव्या आखणीच्या कायद्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा (पालीसारखा दिसणारा प्राणी) दिसतो म्हणून बोस्टनच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं आणि गेरी व सॅलमँडर जोडून शब्द तयार झाला. त्यांच्या नावाचा उच्चार ‘गेरी’, शब्दाचा मात्र आज ‘जेरी’.

माणसाच्या नावावरून आलेला असाच ‘क्विझलिंग’. नॉर्वेत नाझींना साथ देणाऱ्या विडकुन क्विझलिंगचं आडनाव 1940 पासून फितुराला चिकटलं. मराठीत सूर्याजी पिसाळ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, तसंच.

पुरवणी शंका: ‘मूट पॉइंट’ म्हणजे वादाचा मुद्दा की निरर्थक मुद्दा? दोन्ही वाचलं आहे.

उत्तर: दोन्ही बरोबर. जुना आणि ब्रिटिश वापर ‘ज्यावर वाद होऊ शकतो’ असा. विधी महाविद्यालयातली ‘मूट कोर्ट’, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करायची स्पर्धा त्याच अर्थाची. अमेरिकी वापरात ‘आता चर्चेला अर्थ उरला नाही’ असा. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्ही येतात, म्हणून पुढचं वाक्य वाचून ठरवा. लेखक पुढे दोन्ही बाजू मांडू लागला तर पहिला अर्थ, विषय सोडून पुढे गेला तर दुसरा. स्वतः लिहिताना ‘डिबेटेबल’ किंवा ‘इरेलेव्हंट’ लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला अडायला होणार नाही.