'सेट'चे अर्थ: एक नव्हे, दोन शब्द

कुणीतरी म्हटलंय की इंग्रजी 'सेट' (set) या शब्दाचे अर्थ मनमानी आहेत, एकेक पाठ करण्यावाचून इलाज नाही. संख्या प्रचंड आहे हे मान्य. ऑक्सफर्डच्या १९८९च्या मोठ्या कोशात या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन' (run, धावणे) या क्रियापदाची नोंद सुधारली तेव्हा त्याचे ६४५ झाले आणि तो पुढे गेला. पण मनमानी मात्र पटत नाही. 'सेट' हे 'सिट'चं (sit, बसणे) प्रयोजक रूप आहे, जसं आपलं बसणे-बसवणे. संस्कृतातला 'सद्' (बसणे) हा धातू याच कुळातला. ही जोडी एकदा ध्यानात आली की बरेच अर्थ आपोआप उलगडतात: अंगठीत हिरा बसवणे, सरकलेलं हाड बसवणे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे. सूर्य मावळतो तिथेही मुळात खाली बसण्याचीच कल्पना आहे. मला स्वतःला कोशातल्या शंभर ओळींपेक्षा हे एक 'बसवणे' जास्त उपयोगी पडलं.

आणखी एक मुद्दा असा की समूह, संच या अर्थाचं 'सेट' हे नाम मुळात वेगळाच शब्द आहे. ते लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आलं, म्हणजे पंथ या अर्थाच्या 'सेक्ट'चं भावंड. उच्चार जुळला, क्रियापदाच्या सहवासाने अर्थही सरकले आणि दोन्ही एकमेकांत मिसळले. त्यामुळे गणितातला संच आणि हिरा बसवणं यांच्यात नातं शोधत बसू नका.