अग्निशमन जवानाचा कोट आगीत जळत कसा नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अग्निशमन दलात नुकताच रुजू झाला आहे. त्याचा जड कोट हातात घेतल्यापासून मनात एकच प्रश्न घोळतो आहे : हे कापड पेट कसे घेत नाही?

प्रतिसाद १ : बाहेरचा थर नोमेक्स, केव्हलार अशा सहज पेट न घेणाऱ्या कृत्रिम धाग्यांचा असतो, तो वितळून अंगाला चिकटत नाही. मधला पडदा पाणी अडवतो. खरे रक्षण मात्र आतले अस्तर करते, कारण त्यात कोंडलेली हवा उष्णतेला त्वचेपर्यंत सावकाश पोहोचू देते आणि जवानाला बाहेर पडण्यापुरता अवधी मिळतो.

प्रतिसाद २ : म्हणूनच गुडघा टेकला किंवा श्वसनयंत्राचा पट्टा खांद्यावर दाबला गेला, की तिथली हवा निघून जाते आणि तिथेच आधी भाजते. घामाने भिजलेले अस्तरही घातक ठरू शकते, कारण ओलाव्याची वाफ त्वचा पोळते. भावाला कोरडे अस्तर घालूनच निघायला आवर्जून सांगा.