मदत हवी: जिम्नीला रॉक स्लायडर बसवायचेत, वेल्ड करू की बोल्ट?

कुळागरी

गाडी पाच दारांची जिम्नी, वॉरंटी चालू आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यात कुळागराकडे (सुपारीच्या बागेकडे) जाणारी दीड किलोमीटरची वाट आहे. मध्ये दोन व्हाळ, आणि शेवटच्या चढाला जांभ्याचा उघडा कातळ, त्यात चाकोऱ्या खोल गेलेल्या. पावसात कातळाला शेवाळ धरलं की गाडी कुशीवर घसरते आणि दाराखालचा पत्रा काठाला लागतो. डावीकडे एक पोचा पडलाच आहे.

चौकशी केली तर तीन पर्याय पुढे आले. ॲक्सेसरीच्या दुकानात तयार साइड स्टेप, दुकानदार त्यालाच स्लायडर म्हणतो. बाहेरून मागवायचं बोल्ट-ऑन किट. आणि इथला एक फॅब्रिकेटर, जो पाइप थेट चॅसिसला वेल्ड करून द्यायला तयार आहे. काय घ्यावं? चॅसिसला भोक पाडावं लागलं तर चालेल का? आणि आपल्या हवेत गंजाचं काय?

लो-रेंज

साइड स्टेप यादीतून आधी काढा. ती माणसाचा पाय ठेवायला असते. पातळ पट्टीच्या ब्रॅकेटवर, बहुतेक वेळा बॉडीच्या पत्र्याला धरून बसवलेली. गाडीचं वजन तिच्यावर आलं की ब्रॅकेट वर दुमडतं आणि स्टेपच सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पत्र्यात, घुसते. म्हणजे कातळाने जेवढा पोचा पाडला असता त्याहून मोठा पोचा तुम्ही पैसे देऊन पाडून घेता.

स्लायडर म्हणजे चॅसिसवर उभा असलेला, अर्धी गाडी तोलणारा दांडा. दुकानात ओळखायची खूण: खाली वाकून बघा. स्लायडरला धरणारे पाय चॅसिसच्या दांड्यापर्यंत गेलेत का, एका बाजूला निदान तीन आहेत का, आणि पायाची प्लेट ५-६ मिमी जाड आहे का. यातलं एक जरी नसलं तरी तो स्लायडर नव्हे.

वेल्डिंगला माझा विरोध आहे. चॅसिसवर वेल्ड मारला की त्याच्या कडेची पट्टी उष्णतेने बदलते आणि तडा गेला तर तिथूनच जातो. आतल्या बाजूचं कंपनीचं कोटिंग जळतं, तिथे ब्रश पोचत नाही, आणि दोन पावसाळ्यांत गंज आतून बाहेर येतो. शिवाय ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप, वायरिंग हे सगळं चॅसिसच्या कडेनेच गेलेलं असतं. वॉरंटीत गाडी असताना तर हा विचारच नको. आणि पुढे कधी स्लायडर वाकला तर तो कापूनच काढायचा का?

पाना-बारा

वर म्हटलंय ते बरोबर, पण 'बोल्ट-ऑन' एवढं वाचून खूश होऊ नका. सगळा खेळ प्लेटच्या उंचीत आहे.

हिशेब करून बघा. जिम्नी साधारण १२०० किलोची, म्हणजे एका बाजूला ६०० किलो. स्लायडरचा बाहेरचा पाइप चॅसिसपासून २५ सेंटिमीटर बाहेर धरू. पिळाचा जोर झाला ६०० गुणिले ०.२५, म्हणजे १५० किलोग्रॅम-मीटर. तीन पायांत वाटला तर प्रत्येकी ५०. आता पायाच्या प्लेटवर वरचा आणि खालचा बोल्ट यांत १०० मिमी अंतर असेल तर खालच्या बोल्टांवर ओढ येते ५०० किलोची. तेच अंतर ४० मिमी असेल तर १२५० किलो. आणि हे गाडी अलगद टेकवली तर. आपटली की दुप्पट-तिप्पट धरा. म्हणून किट मागवताना पाइप किती जाड हे सगळे विचारतात, प्लेट किती उंच हे कुणी विचारत नाही. तुम्ही तेच आधी विचारा. पायाच्या खाली त्रिकोणी गसेट (आधाराची प्लेट) आहे का, तेही.

भोकाबद्दल. चॅसिसचा दांडा आतून पोकळ डबा आहे. त्यातून आरपार बोल्ट घालून नट आवळला की डब्याच्या भिंती आत दबतात. आवळताना छान घट्ट वाटतं, महिन्याने ढिलं लागतं, परत आवळलं की आणखी दबतं. आरपार बोल्ट घालायचाच असेल तर आत डब्याच्या रुंदीएवढी जाड पाइपची स्लीव्ह हवी, म्हणजे ताण भिंतीवर न येता स्लीव्हवर येतो. पण ती आत सरकवायला भोक मोठं करावं लागतं. वरच्या आणि खालच्या पृष्ठावर तर भोक पाडूच नका. गाडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

त्यापेक्षा सँडविच पद्धत घ्या: चॅसिसच्या बाहेरून एक प्लेट, आतून एक, आणि बोल्ट डब्याच्या वरून नि खालून, म्हणजे डब्याला भोक नाही. कंपनीने दिलेली भोकं जिथे मोकळी सापडतील तिथे एखादा बोल्ट त्यांतून घ्या, म्हणजे क्लॅम्प पुढेमागे सरकणार नाही. आतली प्लेट लावण्याआधी हात घालून ब्रेकचा पाइप कुठून गेलाय ते चाचपून बघा. प्लेटखाली पाइप चेपला तर ते लगेच कळत नाही.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे). टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, एम-१० ला साधारण ४५ न्यूटन-मीटर, एम-१२ ला ८०. आणि जे बोल्ट उभे येतील त्यांचं डोकं जमिनीकडे ठेवा, नट वर. उलटं केलं तर बाहेर आलेले आटे कातळावर घासून चपटे होतात आणि पुढे नट उतरतच नाही, ग्राइंडरच लावावा लागतो.

कुळागरी

प्लेटच्या उंचीचा हिशेब कुणीच सांगितला नव्हता. किटवाल्याला विचारलं, त्याची प्लेट ६० मिमी आहे. इथे बनवून घेतलं तर? फॅब्रिकेटरचा हात चांगला आहे, फक्त त्याला नेमकं काय सांगायचं ते कळायला हवं. तो म्हणतो जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरू, गंजणार नाही.

भट्टीवाला

जीआय नको. वेल्ड करताना जस्त जळतं, जोडात बुडबुडे राहतात, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री ताप भरतो. जोडापाशी जस्त उडतंच, म्हणजे गंजायची जागा तीच राहते.

काळा (मुलामा नसलेला) पाइप घ्या, ४० एनबी हेवी; एनबी म्हणजे पाइपचं नाममात्र आतलं माप. बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ४ मिमी, मीटरला सुमारे ४.४ किलो. मीडियम ३.२ मिमी असतो, तो बाहेरच्या दांड्याला चालेल, चॅसिसकडच्या आतल्या दांड्याला नको. मी स्वतः आतला मुख्य दांडा ६० बाय ४० चा, ४ मिमी जाडीचा चौकोनी घेईन. सपाट बुडाला जॅक नीट बसतो आणि पाय वेल्ड करायला सरळ पृष्ठ मिळतं. गोल पाइपला पाय जोडायचा तर टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं, आणि तिथे कंटाळा केला की फट वेल्डने भरून काढतात. अशी फट दिसली तर काम परत करा.

लांबी: व्हीलबेस २५९० मिमी, १९५/८० आर १५ टायरचा व्यास जवळपास ६९५. मध्ये १८९५ उरतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी पुढचं चाक लागू नये, मागचं सस्पेन्शन दबलं तरी लागू नये, म्हणून १७०० ते १७५० च्या पुढे जाऊ नका. जोडीचं वजन ४५ किलोच्या आसपास जाईल.

पाय आडवे नकोत. बाहेरच्या टोकाला १० ते १५ अंश वर उचललेले हवेत. सिल आणि पाइप यांत २० मिमी फट ठेवा. जिम्नीची बॉडी चॅसिसवर आठ रबरी माउंटवर बसते, ती हलते. फट कमी ठेवली की वळणावर कर्रकर्र ऐकू येतं, आणि लोक सस्पेन्शन तपासत बसतात. उलट पाइप फार खाली घेतला तरी पंचाईत: गाडीच्या मधोमध ४० मिमी खाली आलात की ब्रेकओव्हरचे (उंचवटा ओलांडताना गाडीचं पोट न टेकण्याच्या कोनाचे) साडेतीन अंश गेले, आणि पाच दारांच्या जिम्नीला मुळात आहेत २४. चारही दारं पूर्ण उघडून बघूनच टाके (पकडण्यापुरते छोटे वेल्ड) मारा.

मापं गाडीवरच घ्यायची. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला. पाय फक्त टाके मारून पकडायचे, मग सगळं सोडवून पूर्ण वेल्ड बाकावर. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलात तर दांडा धनुष्यासारखा ओढला जातो आणि परत बसवताना मधली भोकं जुळत नाहीत. एक जोड या टोकाला, पुढचा त्या टोकाला, असं फिरत मारा.

नवाकोरा

मग पावडर कोटिंग करून टाका, विषय संपला.

खारा वारा

गोव्यात नाही संपत. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकची सालच. कातळाने एक ओरखडा काढला की तिथून पाणी सालीखाली शिरतं. वरून काळंभोर दिसतं, नखाने उचललं तर खाली तांबडी भुकटी. आणि स्लायडर घासण्यासाठीच बसवायचे असतात, तेव्हा ओरखडा पडणारच हे धरून रंग निवडा.

सँडब्लास्ट, मग झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर दोन हात, वर साधा काळा मॅट रंग. ओरखडा पडला की वायर ब्रश मारा, प्रायमर, रंग. अर्ध्या तासाचं घरचं काम. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग याहून चांगलं, पण त्यासाठी बंद पाइपला आधी भोकं ठेवावी लागतात. आत हवा कोंडलेली असेल तर तापलेल्या जस्तात पाइप फुटतो, म्हणून कारखाना तसं काम घेतच नाही.

पाइपची टोकं टोपी लावून पूर्ण बंद, आणि बुडाला दोन्ही टोकांकडे ८ मिमीची निचऱ्याची भोकं. टाके-टाके सोडून वेल्ड नको, सलग हवा. मधल्या फटीत खारी दमट हवा बसून राहते. स्टेनलेसचे बोल्ट घालायचा मोह होतो, तोही टाळा. नेहमीचे स्टेनलेस ८.८ एवढे ताकदीचे नसतात, आवळताना आटे धरतात, आणि खाऱ्या ओलाव्यात शेजारचं साधं लोखंड आणखी लवकर खातात. झिंक प्लेटेड घ्या, आट्यांना ग्रीस. मात्र ग्रीस लावलं की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, तेव्हा आकडा थोडा कमी धरा.

पावसाळ्यात सँडविच प्लेट आणि चॅसिस यांच्यामध्ये तांबडा चिखल भरतो आणि ऑक्टोबरपर्यंत ओलाच राहतो. खालून पाण्याचा जोर मारून तेवढी जागा धुवा. प्लेट लावण्याआधी चॅसिसवर मेणाचा थर द्या. मध्ये रबर मात्र घालू नका. रबर दबत जातं आणि बोल्ट ढिले पडतात.

लो-रेंज

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर (गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर) कारवाई करायला सांगितलं ते त्याच कलमाचा आधार घेऊन. स्लायडरला त्यातून वेगळी सूट दिलेली नाही. बाहेरचा पाइप टायरच्या रेषेबाहेर काढू नका, टोकं गोल ठेवा, विमा कंपनीला लेखी कळवा. बोल्टवर असले तर तपासणीआधी दोन तासांत उतरतात, हाही वेल्डविरुद्धचा मुद्दा. आणि कुळागराची वाट ठीक, पण म्हादई अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालू नका.

कुळागरी

इथेच बनवून घ्यायचं ठरलं. आतला दांडा ६०-४०, बाहेरचा गोल, प्रत्येक बाजूला तीन पाय, प्लेट १२० मिमी उंच. आज मापं घेतली तर मधला पाय नेमका बॉडी माउंटच्या कंसावर येतोय. तिथेच प्लेट कापून बसवू का?

पाना-बारा

कापू नका. १२० मधले ४० तिथेच गेले तर हिशेब परत पहिल्यावर. पाय ७०-८० मिमी मागे सरकवा. तिन्ही पायांत अंतर सारखंच हवं असं काही नाही, उलट मागच्या भागात वजन जास्त झेलावं लागतं.

बसवताना सगळे बोल्ट हाताने अर्धे फिरवून ठेवा, चारही दारांपाशी २० मिमीची फट बघा, मग मधला पाय आधी आवळा, टोकाचे नंतर. मग सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, जॅक बाहेरच्या पाइपखाली मधोमध लावा आणि त्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. गाडीखाली जाऊ नका, बाहेरूनच फटीत पट्टी घालून मोजा. २० ची १५ झाली तर चालेल. १० झाली तर पाय कमी पडतायत, चौथा घाला. खाली उतरवल्यावर परत २० व्हायला हवी. नाही झाली तर क्लॅम्प फिरलाय, तो सोडून पुन्हा बसवा. ५० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर एकदा टॉर्क तपासा, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की कुठला बोल्ट फिरला ते वाकल्या वाकल्या कळतं.