मैत्रीण सोबत होती, भाषा नव्हती: परदेशातले तुमचे किस्से सांगा

बाळीवेसकरीण:
काल दिवाळीची आवराआवर करताना जुन्या पर्सच्या चोरकप्प्यात दहा हजारांची नोट सापडली. हरखू नका, दहा हजार डाँग. व्हिएतनामचे. 2019 च्या नोव्हेंबरात गेलो होतो तेव्हा एका रुपयाला तीनशेच्या वर डाँग यायचे, म्हणजे ही नोट तीस-पस्तीस रुपयांची. नोटेला चिकटून हॉटेलातल्या पोरीने लिहून दिलेली चिठ्ठी निघाली. "तोय आन चाय." म्हणजे मी शाकाहारी आहे.

मी आणि अक्का, दोघीच. अक्का म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, वडिलांचे माग. नवऱ्यांनी "दोघी हरवाल" म्हणून पैज लावलेली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमान बदलून हनोई.

तिथली गंमत अशी की लिपी रोमन. आपल्याला वाटतं, चला, वाचता तरी येईल. कसलं काय! प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आणि पोटाखाली काहीतरी लटकलेलं, आणि सूर चुकला की अर्थच बदलतो. शाकाहारी म्हणायचं ते "चाय" आणि चहा म्हणजे "चा". मी सकाळी दोन बोटं दाखवून "चाय, चाय" म्हटलं तर बाईने दोन ताटं भात आणि टोफू आणून ठेवला. अक्का म्हणाली, गप खा, चहा ताटात आलाय.

मी सगळीकडे मोबाईलमधलं भाषांतर पुढे करायची. अक्काकडे ते नव्हतंच. ती सरळ तेलुगूत बोलायची. फळवालीसमोर उकिडवी बसून, ड्रॅगन फ्रूट हातात घेऊन "एंत अम्मा? एंत?" ती बाई तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, ही मान हलवायची, "अबो! तग्गिंचु, तग्गिंचु", आणि भाव उतरायचा! माझ्या मोबाईलवर तोपर्यंत चक्र फिरत असायचं.

आणि मग तिसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. दीड दिवस बोललो नाही. हजारो माणसं भोवती, त्यातलं एकच माणूस आपलं बोलणं समजणारं आणि त्याच्याशीच अबोला.

कुकर झाला, उरलेलं नंतर. तोवर तुमचे येऊ द्या.

कडकभाकरी:
भांडणावर आणून कुकर?? हे बरं नाही ताई

होटगी रोड:
कुकरात गेलं का काय भांडण, किती वाजले बघा 😂
दहा हजाराची नोट मला द्या, मी गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसतो.

टॉवेलवाला:
मी आणि माझा पार्टनर 2016 ला तुर्कस्तानात देनिझ्लीला गेलो होतो. हे गाव म्हणजे तिकडचं सोलापूरच समजा, सगळीकडे टॉवेल. जवळच पामुक्काले, पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या पायऱ्या आणि त्यात गरम पाणी. पामुक म्हणजे कापूस, काले म्हणजे किल्ला. कापसाचा किल्ला! पार्टनर म्हणाला आपण धंद्यासाठी आलोय, दगडं काय बघायची, पण गेलाच शेवटी.

इंग्रजी कारखान्यात कुणालाच धड येत नव्हती. पण एक सांगू, टॉवेल हातात घेतला की बोलायची गरज पडत नाही. तो म्हातारा कारागीर आणि आमचा पार्टनर, दोघांनी एकाच वेळी टॉवेलची किनार अंगठ्याने मागे दुमडली, मग लूप (टॉवेलवरचा धाग्याचा फास) नखाने ओढून बघितला, मग उजेडाकडे धरला. एकाच क्रमाने! म्हाताऱ्याने आमच्या सॅम्पलवर बोट ठेवून ओठ मुडपले, म्हणजे लूप ढिला आहे. बरोबर होतं त्याचं, तो लॉट खराबच होता.

शब्द पण किती आपले. साबण - साबून. दुकान - दुक्कान. मैदान - मेयदान. हवा तर हवाच. पार्टनरला वाटायला लागलं आपल्याला तुर्की येते.
फसलो कुठे तर "नाही" ला. ते लोक मान मागे टाकून भुवया उडवतात आणि जिभेने "च्च" करतात. आपल्याकडे ते हळहळ वाटल्यावर. आम्ही टॅक्सीवाल्याला स्टँडला येणार का विचारलं, त्याने च्च केलं. पार्टनर म्हणाला बघ, बिचाऱ्याला आपलं वाईट वाटतंय. बसला आत.

कडकभाकरी:
बसला आत 😂😂😂 मग?

टॉवेलवाला:
मग काय, उतरवलं.

दाजी पेठ:
अक्काचं तेलुगू एकदम बरोबर. तग्गिंचु म्हणजे कमी कर. पण सूचना: दुबईत लिफ्टमध्ये तेलुगूत कुणाची चहाडी करू नये. आमच्या मित्राने केली. लिफ्टमधले सहाच्या सहा जण वळून बघायला लागले.

रेल्वे लाईन्स:
डाँगवाल्यांना एक इशारा. वीस हजाराची आणि पाच लाखाची दोन्ही नोटा निळ्या आहेत. माझ्या मैत्रिणीने अंधारात रिक्षावाल्याला (सायकलची असते ती) पाच लाखाची दिली. तो पन्नास पावलं गेला, थांबला, परत आला, नोट हलवत काहीतरी ओरडत. आम्हाला वाटलं अजून मागतोय, म्हणून आम्ही पळायला लागलो! तो मागे, आम्ही पुढे. शेवटी त्याने गाठलं, हातात नोट कोंबली, स्वतःची वीस हजाराची बोटाने मोजून मागून घेतली आणि डोक्याला हात लावून गेला. अजून लाज वाटते.

होटगी रोड:
व्हिसा किती दिवसात येतो ओ? एजंट लय सांगायलाय.

रेल्वे लाईन्स:
ऑनलाइन येतो, ई-व्हिसा. एजंट कशाला. फक्त पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा, आमचं एक अक्षर चुकलं आणि पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले.

भैय्या चौक:
आमचा किस्सा चीनचा. मी आणि माझा वर्गमित्र, मशीनचे सुटे भाग बघायला शाओशिंगला गेलो. तिथे कच्याओ नावाचा कापडबाजार आहे, आपलं अख्खं मार्केट यार्ड एका गाळ्यात हरवेल.

भावाची बोलणी बोटांवर. पण त्यांची बोटं वेगळी! सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी, आपण "फोन कर" म्हणतो तसं. आठ म्हणजे पिस्तूल. दुकानदाराने पिस्तूल दाखवलं की मित्र दचकायचा. मी म्हटलं, बे, आजोबा जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैल घ्यायचे, आपल्याला उघड्यावर जमेना होय? दुसऱ्या दिवसापासून मित्र एवढा तयार झाला की हॉटेलात आठ पोळ्यांसाठी पिस्तूल दाखवायला लागला. पोळ्या नव्हत्याच तिथे, ते सोडा.

खरी गोष्ट पुढे. एजंट पोरगा पंचविशीतला, त्याला सोलापूर सांगून काही उपयोग नव्हता. मालकाचे वडील कोपऱ्यात सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले. मित्राने मोबाईलवर डॉ. कोटणीसांचा फोटो काढला आणि चिनी अक्षरातलं नाव दाखवलं. आम्ही आधी तोंडाने "के दिहुआ, के दिहुआ" म्हणून थकलो होतो, सूर चुकत असणार. फोटो बघितला आणि म्हातारा उठून उभा राहिला. बियांचं कागदी पुडकं सांडलं. मग त्याने माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि फोटोवर ठेवलं, म्हणजे तुमच्या गावचे का? मी मान हलवली. पुढे तो दहा मिनिटं बोलत होता. आम्हाला एक शब्द कळला नाही, एजंट पोरगं पण सगळं सांगेना, नुसतं "गुड डॉक्टर, गुड डॉक्टर".

आम्ही रोज इथल्या कोटणीस स्मारकावरून गाडी घालतो, आत मी कधी गेलो नव्हतो.

बाळीवेसकरीण:
@भैय्या चौक, काटा आला अंगावर.

निवृत्त मास्तर:
डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म 1910, सोलापूर. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले बाकीचे परतले, हे 1942 च्या डिसेंबरात तिकडेच वारले. वय अवघं 32. शिजियाचुआंगला समाधी आणि पुतळा आहे. तिथे जाऊन ते चिनी भाषा शिकले हे विसरू नका. आमच्या शाळेत वक्तृत्वाला हा विषय ठरलेला असायचा आणि दरवर्षी एक तरी पोरगं "कोटणीसांनी चीनला स्वातंत्र्य मिळवून दिले" असं ठोकून द्यायचं.

कडकभाकरी:
सर ते पोरगं मी होतो 🙏

निवृत्त मास्तर:
कोणत्या साली?

कडकभाकरी:
नको सर

विजापूर वेस:
माझा भाचा रशियात डॉक्टरकी शिकतो. पहिल्या महिन्यात रूममेटबरोबर "पेक्टोपाह" नावाचं हॉटेल शोधत होते, म्हणे गावात याच्या लय शाखा आहेत, हर चौकात बोर्ड. नंतर कळलं ते रेस्तोरान. त्यांचा पी म्हणजे आर आणि सी म्हणजे स. आता सुट्टीत आला की दुकानांच्या पाट्या तसंच वाचून दाखवतो, बहिणीचं डोकं उठलंय. शेंगाचटणी पाच किलो नेली या वेळी. तिकडच्या पोरांनी ब्रेडला लावून खाल्ली आणि तीन ग्लास पाणी प्यायले.

कुमठा नाका:
शेंगाचटणी विमानात कशी पॅक करता? माझी दर वेळी तेल सुटून कपड्याला.

विजापूर वेस:
तेल सुटणारच. दोन पिशव्या आणि वर जुना टॉवेल.

टॉवेलवाला:
जुना का? नवा घ्या की 😄

कडकभाकरी:
ताई कुकर थंड झाला असेल आता

बाळीवेसकरीण:
आले आले. कुकर, मग नातू, मग दूधवाला.

तर भांडण. हनोईच्या जुन्या भागात एकेका धंद्याची एकेक गल्ली, चांदीची वेगळी, रेशमाची वेगळी. रेशमाच्या गल्लीत अक्काने एक चादर घेतली. म्हणजे पलंगपोस. दुकानातून बाहेर आल्यावर म्हणाली, "बघ, हा चादर किती मऊ आहे." आणि मी, सवयीने, रस्ता ओलांडता ओलांडता (तिथला रस्ता म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशीची नवी पेठ, फक्त सगळ्या स्कूटर तुमच्यावर रोखलेल्या, थांबायचं नाही, पळायचं नाही, सावकाश चालत राहायचं), तर त्या गोंधळात मी म्हटलं, "ही चादर. ही."

ती मधोमध थांबली. थांबायचं नसतं तिथे! स्कूटरी दोन्ही बाजूंनी वळून जायला लागल्या. म्हणाली, "पाचवीपासून ऐकतेय मी. ही चादर, ती बस, तो टॉवेल. शाळेत सगळ्या हसायच्या, तू हसायची नाहीस, तू दुरुस्त करायचीस. चाळीस वर्षं. इथे येऊन पण?"

मी काय बोलणार. मला तर वाटायचं मी तिला मदत करतेय. पाचवीत ती आमच्या वर्गात आली तेव्हा पहिले तीन महिने बोललीच नव्हती, बाई तिला मठ्ठ म्हणायच्या. तिच्या घरी, गल्लीत, मागावर, सगळीकडे तेलुगू. मी पन्नास वेळा तिच्या घरी जेवले असेन. मला तेलुगू किती येतं? "एंत" सुद्धा हनोईत कळलं.

मग दीड दिवस अबोला. हालाँगला बोटीवर गेलो, समुद्रातून हजारो डोंगर वर आलेले, लोक वेड्यासारखे फोटो काढत होते, आणि आम्ही दोन टोकांना. माझ्याकडे कॅमेरा, तिच्याकडे चार्जर. बॅटरी संपली तरी मागितला नाही.

परत हनोईला आलो तो दिवस पौर्णिमेचा, आपली त्रिपुरी. तिथे पौर्णिमेला आणि अमावस्येनंतरच्या दिवशी बरेच लोक शाकाहारी खातात, त्यामुळे गल्लीतल्या साध्या टपरीवर पण "चाय" ची पाटी. मी हॉटेलच्या पायरीवर बसलेले, पोटात काही नाही, कारण चार दिवस सगळ्याला त्या माशाच्या सॉसचा वास. अक्का कुठूनतरी एक ताट घेऊन आली. भात, पालेभाजी, तळलेला टोफू, वर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट! ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तिनु." खा.

मला उत्तर द्यायचं होतं, मराठीत नको वाटलं. कुठूनतरी आठवून म्हटलं, "तिंटावु."

ती हसायला लागली. म्हणाली, "तिंटावु म्हणजे तू खाशील. तिंटानु म्हण. तिंटानु."

दाजी पेठ:
😂😂 बरोबर आहे अक्काचं. तिंटानु.

रेल्वे लाईन्स:
मी रडतेय का? ऑफिसात आहे मी.

होटगी रोड:
पण मग चादर मऊ होती का?

बाळीवेसकरीण:
पहिल्या धुण्यात रंग गेला. तिचे वडील आपल्या मागावरची दाखवून टोमणे मारायचे.

टॉवेलवाला:
जाणारच.

निवृत्त मास्तर:
बाई मठ्ठ म्हणायच्या, हे वाचून थांबलो. मीही म्हटलं असेल कुणाला तरी. आमच्या वर्गात निम्मी पोरं तेलुगू आणि कन्नड घरातली.

कडकभाकरी:
अक्कांना हा धागा दाखवला का?

बाळीवेसकरीण:
दाखवला. ती म्हणते चार्जर तिने दोनदा पुढे केला होता, मीच बघितलं नाही. आता त्यावरून सुरू आहे.

कुमठा नाका:
वरचं सगळं वाचलं नाही, घाईत आहे. पुढच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर हनोईला चाललेय. दशम्या किती दिवस टिकतील आणि त्या "चाय" च्या चिठ्ठीचा फोटो कुणी टाकेल का?