वाम माशातल्या सेंगाची ‘नवी प्रजाती’ संपादकांनी परत पाठवली, पुढं काय करावं?

गोदाकाठ (नांदेड):
सर, मॅडम, मदत हवी. गोदावरीतल्या वाम माशाच्या (मॅस्टासेम्बेलस आर्मेटस) आतड्यात सेंगा वंशाचे ६ पट्टकृमी मिळाले. एका स्कोलेक्सवर (कृमीच्या डोक्यावर) ४४ हुक मोजले. जवळच्या प्रजातींशी आकडा जुळेना, म्हणून नवी प्रजाती म्हणून पेपर पाठवला. रिव्ह्यूला न जाताच परत आला: टाइप (नव्या नावाचा आधार असलेले प्रमाण नमुने) संग्रहालयात नाहीत, डायग्नोसिस (इतर प्रजातींपासूनचे फरक) अपुरं, डीएनए नाही. मासे बाजारातून आणलेले, कृमी दोन काचपट्ट्यांत दाबून फॉर्मेलिनमध्ये ठेवलेले. थिसिस तोंडावर आलाय. सात दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलला पैसे भरावेत का?

स्लाइडबॉक्स:
अजिबात भरू नका. चूक लिहिण्यात झालेली नाही, मासळी बाजारातच झालीय. मासा मेला की आतला कृमीही मरतो, सडायला लागतो आणि हुक गळतात. सेंगात हुकांचं कडं दोन अर्धवर्तुळांत असतं, म्हणजे दोन मोकळ्या जागा मुळातच असतात. तैलभिंगाखाली कड्याभोवती फिरून बघा. तिसरी फट दिसली तर तिथले हुक गेलेत, मग ४४ हा आकडा प्रजातीचा धरता येत नाही. भारतातल्या सेंगाच्या पुष्कळ प्रजातींवर अशाच कारणांनी शंका घेतल्या गेल्यात, त्यामुळं संपादक आधीच सावध असतात.

दाबण्याचंही तसंच. शरीर पसरतं, रुंदी वाढते, अंडाशय जागचं हलतं. मापं कृमीची न राहता दाबाची होतात.

नवे नमुने घ्या. कोळ्याला सांगून मासा जिवंत किंवा नुकता मेलेला मिळवा, आतडं ०.९% सलाइनमध्ये उघडा, कृमी ओढून न काढता ब्रशनं सोडवा. सलाइनमध्ये हलवून धुवा आणि जवळजवळ उकळतं ४% फॉर्माल्डिहाइड त्यावर ओता. गरम द्रावानं कृमी आखडायच्या आत सरळ राहतो. बाटलीतलं फॉर्मेलिन मुळात ३७ ते ४०% असतं, त्यामुळं १ भागाला ९ भाग पाणी. काम मोकळ्या हवेत किंवा फ्यूम हूडखाली, हातमोजे घालूनच. फॉर्मेलिन देण्याआधी प्रत्येक कृमीच्या मधल्या भागाचा छोटा तुकडा कापून ९६% अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मेलिनमध्ये गेल्यावर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची चाचणी) सहसा लागत नाही. पुढचा-मागचा भाग त्याच नंबरानं स्लाइडवर गेला की डीएनएचा सिक्वेन्स आणि शरीररचना एकाच कृमीची राहते. पट्टकृमींत डीएनएचा २८एस आरडीएनए हा भाग बहुतेक लोक वापरतात.

काळीमाती:
नावाची बाजू सांगतो, इथंच घात होतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर नव्या प्रजातीला होलोटाइप (एकच प्रमाण नमुना) किंवा सिनटाइप (प्रमाण नमुन्यांचा गट) स्पष्ट ठरवावा लागतो, तो कुठल्या संग्रहालयात जमा आहे किंवा होणार आहे ते संग्रहालयाच्या नावागावासह लिहावं लागतं. ‘स्लाइड विभागात आहेत’ एवढं चालत नाही. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसारही नव्या टॅक्सॉनचे (प्रजाती, वंश अशा गटाचे) नमुने नियुक्त भांडारात द्यायचे असतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलंच, मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात. आधी पत्र लिहून नोंदणी क्रमांक घ्या, मगच पेपर.

जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर प्रकाशनाआधी झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन नोंदवही) फुकट नोंदणी आणि ती झाल्याचा उल्लेख पेपरमध्ये हवा. नसेल तर पेपर छापून येतो, पण नाव ‘उपलब्ध’, म्हणजे संहितेनुसार ग्राह्य, ठरत नाही. डायग्नोसिसमध्ये जवळच्या प्रत्येक प्रजातीपासून फरक कशात, ते वाक्यात लिहा. मापांत किमान-कमाल, सरासरी आणि किती कृमींवरून घेतली तो आकडा. चित्राखाली ‘१०० पट’ नको, स्केल बार हवा.

गोदाकाठ:
आणि थिसिसमध्ये नाव द्यायचं का?

काळीमाती:
नको. ‘सेंगा एसपी. १’ (सेंगा वंशाची, नाव न दिलेली प्रजाती) असं लिहा. थिसिस ऑनलाइन चढतो, नाव अर्धवट बाहेर पडलं की पुढं पेपरात गोंधळ होतो. पेपर न झाल्यानं थिसिस अडेल ही भीतीही तपासून घ्या. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडीसाठी पेपर सक्तीचा राहिलेला नाही, यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र वेगळा असू शकतो, तो लेखी विचारा.

स्लाइडबॉक्स:
हातातले ६ नमुने फेकू नका. यजमान मासा, ठिकाण, तारीख, किती मासे तपासले, किती बाधित निघाले, एवढं नीट असेल तर ‘सेंगा एसपी.’ म्हणून प्रादुर्भावाची नोंद होते, त्याला नव्या नावाची गरज नाही. नवी प्रजाती खरंच निघाली तर झूटॅक्सा किंवा सिस्टिमॅटिक पॅरासिटॉलॉजी या जर्नलला पाठवा. ओपन अ‍ॅक्सेस न निवडल्यास दोन्हीकडं लेखकाला फी पडत नाही.