ट्रीटमेंट, कंट्रोल, कंडिशन: प्रयोगाच्या वहीत मराठीत काय लिहायचं?

तिखटमीठ:
नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे, मराठी माध्यम, विज्ञान प्रदर्शनासाठी यीस्टचा प्रयोग करतेय. चार बाटल्या, चारींत कोमट पाणी, साखर, यीस्ट, तीनमध्ये वेगवेगळं मीठ, तोंडाला फुगे लावायचे आणि कुठला किती फुगतो ते बघायचं, एवढंच. गाडी अडलीय तक्त्यापाशी. इंग्रजी नमुन्यात ‘ट्रीटमेंट कंडिशन’ असा रकाना आहे आणि फोनवरच्या भाषांतराने त्याचं केलंय ‘उपचाराची अट’, म्हणजे यीस्ट दवाखान्यात भरती आहे आणि विमा कंपनी पैसे द्यायला तयार नाही असं काहीतरी वाटतं. शिवाय बिनमिठाच्या बाटलीला ‘नियंत्रित’ म्हणायचं असं पुस्तकात आहे, तेही तिला पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

भिंग:
उपचार नकोच. आणि कंडिशनला अट तर अजिबात नको, अट माणूस माणसाला घालतो, यीस्टला नाही. ‘स्थिती’ किंवा ‘परिस्थिती’ चालेल. खरं सांगायचं तर आम्ही लॅबमध्ये मराठीत बोलतो पण हे शब्द कुणी मराठीत वापरत नाही, ‘कंट्रोल ठेवलास का’, ‘ट्रीटेड प्लेट कुठली रे’, संपलं. लिहायची वेळ येते तेव्हाच पंचाईत.

बांधावरून:
कृषी पदवीवाला आहे म्हणून दोन पैसे टाकतो. आमच्याकडे ‘टी वन, टी टू’ (टी म्हणजे ट्रीटमेंट) आणि ‘आर वन, आर टू’ (आर म्हणजे रेप्लिकेशन, तीच ट्रीटमेंट पुन्हा दुसऱ्या वाफ्यावर) असंच चालतं, पण मराठीत लिहिताना ‘प्रक्रिया’ हा शब्द रुळलेला आहे. बीजप्रक्रिया कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. तिथेही कुणी आजारी नसतं. आणि एक गंमत सांगतो, संख्याशास्त्रात ट्रीटमेंट शब्द पसरला तो शेतीच्या प्रयोगांतूनच. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, एका पट्ट्याला शेणखत, काहींना वेगवेगळी रासायनिक खतं आणि एका पट्ट्याला काहीच नाही, आजही नाही. पुढे १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे आला आणि असल्या प्रयोगांची आखणी कशी करावी याचं शास्त्रच त्याने बसवलं. म्हणजे ट्रीटमेंट म्हणजे ‘या वाफ्याला आपण काय केलं’, बास.

शब्दवेल्हाळ:
बांधावरूनदादा, माहिती भारी, पण प्रक्रिया शब्द यीस्टच्या बाबतीत गोत्यात आणतो. किण्वन, म्हणजे यीस्टमुळे साखर आंबणं, हीच एक प्रक्रिया आहे. मग वाक्य होणार ‘प्रक्रियेमुळे प्रक्रिया मंदावली’. घ्या.
‘नियंत्रित’बद्दल भाची बरोबर आहे. एका बाटलीवर नियंत्रित लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं बाकीच्या तीन मोकाट सोडल्यात. उलट पाणी तेवढंच, साखर तेवढीच, तापमान तेच हे नियंत्रण चारी बाटल्यांवर आहे, फक्त मीठ बदललंय. त्या बाटलीचं काम तुलना करायला उभं राहणं आहे, म्हणून ‘तुलनेची बाटली’ म्हणा, जास्तच भारदस्त हवं तर ‘तुलनागट’. आणि कृपा करून पुढे निगेटिव्ह कंट्रोलला, म्हणजे जिथे काहीच घडायला नको अशा तुलनेच्या बाटलीला, ‘ऋण नियंत्रण’ करू नका, मी वाचलंय असं, मला वाटलं सावकारीविरोधी कायद्याबद्दल आहे.

भिंग:
😂 निगेटिव्ह कंट्रोलवरून आठवलं, इथे एक बाटली कमी आहे. बिनमिठाची बाटली सांगते की मीठ नसताना यीस्ट किती गॅस करतं. पण फुगा यीस्टमुळेच फुगला की कोमट पाण्यावरची हवा तापून थोडा उचलला गेला हे ती सांगत नाही. त्यासाठी पाचवी बाटली लागते, साखरपाणी आहे, यीस्ट नाही. या दोघींनाही इंग्रजीत कंट्रोलच म्हणतात आणि आपण दोघींवर ‘नियंत्रित’ची चिठ्ठी लावली तर कोण कशासाठी उभी आहे ते कळणारच नाही. त्यापेक्षा सरळ ‘बिनमिठाची’ आणि ‘बिनयीस्टची’ लिहावं, प्रश्नच मिटला. पाश्चरने १८६० च्या सुमाराला हेच केलं होतं की, उकळलेला रस्सा हंसमानेच्या, म्हणजे लांब वाकड्या नळीसारख्या तोंडाच्या, चंबूत महिनोन्‌महिने नितळ राहिला आणि मान मोडलेल्या चंबूतला काही दिवसांत गढूळ झाला. ‘मान असलेला’ आणि ‘मान मोडलेला’ एवढ्यावर भागतं, उपचार नको, नियंत्रण नको.

आकडेमोड:
मी ‘पुनरावृत्ती’कडे वळतो कारण पुढचा रकाना तोच असणार. प्रत्येक प्रकारच्या एकेकच बाटलीवर काही सांगता येत नाही, एखादा फुगा मुळातच सैल निघतो, एखाद्याला बारीक भोक असतं. किमान तीन-तीन हव्यात. पण मराठीत पुनरावृत्ती म्हटलं की मुलं एकाच बाटलीचा फुगा तीनदा मोजतात आणि तीन आकडे लिहून मोकळी होतात, त्याने फक्त तुमची टेप नीट धरली होती की नाही तेवढं कळतं. वेगवेगळ्या बाटल्या, वेगवेगळं तोललेलं मीठ, त्याला मी ‘जोडबाटल्या’ म्हणेन, आणि तोच प्रयोग परत दुसऱ्या दिवशी केला तर ती पुनरावृत्ती.

बांधावरून:
जोडबाटल्या आवडलं, शेतात मात्र जोडवाफे म्हटलं तर भाऊबंदकी निघेल 😄

शब्दवेल्हाळ:
प्रयोगाचं शीर्षक काय आहे? ‘मिठाचा यीस्टच्या वाढीवर परिणाम’ असेल तर ‘वाढ’ शब्दही तपासा. सूक्ष्मजीवांची वाढ म्हणजे आकार नाही, संख्या. फुगा संख्या मोजतो का?

भिंग:
नाही मोजत, आणि हा मुद्दा बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे खरं तर. फुग्यात येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तास-दोन तासांत येणारा बहुतेक गॅस आपण टाकलेल्याच पेशी करतात. सगळं मनासारखं मिळालं तर यीस्ट दीड-दोन तासांत दुप्पट होतं, पण नुसत्या साखरपाण्यात नायट्रोजनच नाही, नव्या पेशी बांधायच्या कशातून? म्हणजे संख्या जेमतेम हलते आणि फुगा मात्र टम्म. शीर्षक ‘मिठाचा यीस्टच्या किण्वनावर परिणाम’ करा. किण्वन जड वाटलं तर ‘आंबण्यावर’, इडलीचं पीठ रोज पाहणाऱ्या परीक्षकांना ते लगेच कळेल. वाढच दाखवायची असेल तर द्रावणाचा गढूळपणा मोजावा लागेल किंवा पातळ करून आगरवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर, पसरून वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) मोजाव्या लागतील, ते घरी नको.

तिखटमीठ:
अहो एवढं सगळं निघेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. भाचीने आता रकान्याचं नाव ‘काय बदललं’ ठेवलंय आणि खाली ‘मीठ नाही’, ‘१०० मिलीला २ ग्रॅम’, ‘५ ग्रॅम’, ‘१० ग्रॅम’, ‘यीस्ट नाही’. वर एक ओळ, ‘बाकी सगळं सारखं’. प्रत्येकी तीन जोडबाटल्या म्हणजे पंधरा, माझी स्वयंपाकघरातली जागा गेली. ‘काय बदललं’ फारच बोलीतलं वाटतं का? परीक्षक नाक मुरडतील?

शब्दवेल्हाळ:
मुरडू देत. फार वाटलं तर ‘बदललेला घटक’ करा, अर्थ तोच राहतो.

आकडेमोड:
‘बाकी सगळं सारखं’ लिहिलंय तर पाणी किती अंशाचं होतं तेही लिहा, ३५ ते ४० च्या मध्ये ठेवा. आणि सगळे फुगे एकाच पाकिटातले घ्या, लावण्याआधी प्रत्येक एकदा तोंडाने फुगवून सोडा म्हणजे रबर सैल होतं, आणि घेर दोऱ्याने मोजून दोरा पट्टीवर धरा, टेप फुग्यावरून घसरते.