मदत हवी आहे: गावी आईला फुलं पाठवायची आहेत, शुक्रवारच्या आत

पागोळी (मंगळवार, सकाळी ११.१०)
शुक्रवारी आईचा वाढदिवस, सत्तर पूर्ण. तिला गावी फुलं पाठवायची आहेत. एका साइटवर आमचा पिनकोडच चालत नाही. दुसरीवर चालतो, पण तिचा गेल्या वर्षीचा अनुभव फार वाईट आहे. सकाळी नऊची वेळ दिली होती, पोचली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गुलाबांच्या कडा काळ्या, प्लास्टिकच्या आत पाणी सुटलेलं. आई फोनवर म्हणाली, "बरी हत गो, चांगली हत." मग शेजारच्या मुलीने फोटो पाठवला तेव्हा मला कळलं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. गावात फुलांचं दुकान नाही. कोणी खात्रीचा माणूस सांगा, आजच ठरवायचं आहे.

कुडाळचा_केदार (११.२५)
गाव कुठलं? कोकण काय एवढंसं आहे का! दापोली म्हणालात तर वेगळं उत्तर, दोडामार्ग म्हणालात तर वेगळं.

घाटमाथा (११.३२)
गाव कुठलंही असो, चांगली फुलं वरूनच येतात. सावंतवाडीच्या फुलवाल्यांकडचे जरबेरा आणि गुलाब कोल्हापूर-बेळगावकडून आंबोली घाटाने उतरतात. माझ्या मेव्हण्याचं शिरोळकडे पॉलिहाऊस आहे, म्हणून खात्रीने सांगतो. गुरुवारी पहाटे तोडलेला माल एसटीच्या पार्सलने टाकला तर संध्याकाळी सावंतवाडीत. गुलाब आणि जिप्सीची बारीक पांढरी फुलं घ्या, दिसायला भरगच्च होतं.

पागोळी (११.४०)
सावंतवाडीजवळच. मी लांब आहे, स्वतः जाऊ शकत नाही.

मोगरा७२ (११.५८)
लांब म्हणजे पुणे का परदेश? पैसे कसे देणार त्यावरही बरंच अवलंबून आहे. मुंबईत कोणी असेल तर दादरच्या फुलबाजारातून घ्यायला सांगा. रात्री बारानंतर दादरहून तुतारी सुटते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सावंतवाडीला. ओळखीचं कोणी ना कोणी त्या गाडीला असतंच. मी मामींना असाच निशिगंध पाठवला होता, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

तात्या_वेंगुर्ले (१२.२०)
अहो, मार्च महिना चालू आहे आणि तुम्ही दादरहून निशिगंध आणताय? सुरंगी फुललीय इकडे! आरवली, आसोली, शिरोड्याच्या बाजूला सकाळी रस्त्याने नुसतं जा, कुठल्या घरामागे सुरंगी आहे ते वास सांगतो. सावंतवाडीच्या बाजारात बायका वळेसर, म्हणजे सुरंगीच्या कळ्यांचे ओवलेले गजरे, घेऊन बसतात. वर्षातून हे एवढेच दिवस. सत्तर वर्षांच्या कोकणातल्या बाईला सुरंगीचा वळेसर द्या. ते जरबेरे सूर्यफुलासारखे टकाटका बघत बसतात, वास काडीचा नाही.

घाटमाथा (१२.३१)
तात्या, वळेसर दुपारपर्यंत मलूल होतो. जरबेरा पाण्यात आठवडाभर टिकतो. भेटीची वस्तू टिकली पाहिजे.

तात्या_वेंगुर्ले (१२.४४)
मलूल झाला तरी वास जात नाही हो सुरंगीचा. सुकल्या कळ्या व्यापारी किलोवर घेऊन जातात, अत्तराला आणि रंगाला, ते उगाच का? आणि सुरंगी मिळवायला काय पडतं ते तरी बघा. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, जुन्या जाड फांदीला चिकटून येतात. उजाडायच्या आत, कळी मिटलेली असतानाच काढावी लागते. एकदा उमलली की पाकळ्या गळतात आणि मधमाश्या तर अशा लागतात की फांदीला हात घालता येत नाही. मग बायका बसून ओवतात, ओवता ओवताच कळ्या फुटायला लागतात. पांढऱ्या पाकळीतून पिवळा केसरांचा गोंडा बाहेर येतो. हे सगळं दिवस वर यायच्या आत.

बाग_आमची (१२.५२)
तात्या, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या आजोळी दोन सुरंगीची झाडं आहेत, कोणी काढत नाही. सुक्या कळ्या कुठे विकता येतील? ताडपत्रीवर वाळवायच्या की सावलीत?

रोपवाला (१.०५)
माझं मत थोडं वेगळं आहे. फुलं कशाला, झाड द्या. बियांपासून लावलेली सुरंगी फुलायला बरीच वर्षं घेते, ती नको. सोनचाफ्याचं कलम द्या. वेलणकर चाफा वर्ष-दीड वर्षात फुलायला लागतो, मग रोज सकाळी दारात फुलं. फक्त मार्चमध्ये लावू नका, पावसाच्या तोंडावर लावा. खड्ड्यात शेणखत, आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.

कुडाळचा_केदार (१.१०)
ताई, गाव अजून सांगितलं नाहीत. आणि घरी आणखी कोण असतं?

पागोळी (२.१५)
माफ करा, ऑफिसात होते. गाव मळेवाड, तिठ्यापासून आत. मी दोहाला आहे. आई एकटीच असते, काजूची थोडी बाग आहे, शेजारची एक कॉलेजची मुलगी येऊन जाऊन असते. पैशांचीही अडचण आहे, माझा इथलाच नंबर आहे, इथून जीपे चालत नाही. दर वेळी भावाला सांगावं लागतं आणि या वेळी मला त्याला सांगायचं नाही.

आंबा_थेट (२.२२)
ताई, वाढदिवसाला हापूसची पेटी सगळ्यात उत्तम. पहिल्या तोडीचा माल आहे, आईंच्या पत्त्यावर घरपोच करतो.

मोगरा७२ (२.२५)
तुम्ही वरचं वाचलंत का? त्यांची आई मळेवाडला राहते. तिथे आंब्याची पेटी पाठवायची?

खातेवही (२.५०)
पैशांचं सांगतो. २०२३ पासून काही ठरावीक देशांतल्या मोबाइल नंबरवर यूपीआय चालू करता येतं, त्यात कतार आहे. तुमचं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं हवं आणि तोच कतारचा नंबर बँकेत नोंदवलेला हवा. बहुतेकांचं इथेच अडतं, बँकेत जुना भारतातला नंबर असतो. आधी ते बघा. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर त्या शेजारच्या मुलीच्या खात्यावर नेटबँकिंगने टाका, तिला समोर रोख देता येतील.

कुडाळचा_केदार (३.०५)
मळेवाड म्हणजे सोपं झालं. सावंतवाडी-शिरोडा एसटी तिठ्यावरूनच जाते. सावंतवाडीच्या बाजारात सकाळी वळेसर घेऊन कोणी एसटीत बसवला की तिठ्यावर ती मुलगी उतरवून घेईल. कुरिअर नको, साइट नको. तात्यांच्या ओळखीची बाई असेल तर शिरोड्याहून उलटीही येईल. फक्त पिशवी कंडक्टरच्या हातात द्या, मागच्या सीटवर टाकू नका, उन्हाने उकडते तिथे. आणि प्लास्टिक अजिबात नको. केळीच्या पानात गुंडाळायचं, वरून पाण्याचा हात फिरवायचा.

पागोळी (६.४०)
केदार, तात्या, खूप आभार. वळेसराचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती. आई आता फुलं माळत नाही. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आधी मार्चमध्ये बाबा सायकलच्या हँडलला वळेसर अडकवून आणायचे. शाळेत जाताना वर्गात सगळ्यांना कळायचं, माझ्या केसांना वास असायचा. बाबा गेले त्या दिवशी कोणीतरी आईच्या अंबाड्यातली अबोली काढली, मी समोर होते, मी काही बोलले नाही. म्हणून गुच्छ शोधत होते. गुच्छ माळायचा नसतो ना.

पुण्याची_शाल्मली (६.५५)
मग तर वळेसरच पाठवा. या प्रथा गेल्याच पाहिजेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं.

घाटमाथा (७.१०)
हेरवाड आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. ठरावाचा मला अभिमान आहे. पण ठराव झाला म्हणून बाई दुसऱ्या दिवशी बाजारातून गजरा घेऊन येते असं होत नाही. आपण दोहात आणि पुण्यात. उद्या विहिरीवर चार जणी काही बोलल्या तर ते त्या माउलीलाच ऐकावं लागेल.

पुण्याची_शाल्मली (७.१८)
म्हणजे चार जणी बोलतील म्हणून तीन वर्षं थांबायचं, मग तीसही थांबायचं का?

तात्या_वेंगुर्ले (७.३०)
मुली, मला हे माहीत असतं तर मी असं धडाधड लिहिलं नसतं. देवाला वाहायला म्हणून पाठव. ते तर कोणी अडवत नाही.

सुलभाताई (रात्री ९.०५)
मी कणकवलीची. मिस्टर २००९ साली गेले, तेव्हा मी एक्केचाळीसची. दोघांचंही वाचलं, म्हणून माझं सांगते. पाच वर्षांनी पुतणीच्या हळदीला धाकट्या जावेने अबोलीची वेणी माझ्यापुढे ताटात ठेवली आणि ती कामाला निघून गेली. बस, एवढंच. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि मग माझी मी माळली. आठ दिवस लोक बोलले, नववा दिवस कोणाच्या लक्षात नव्हता. पण ती वेणी कोणी माझ्या केसांत घालायला आलं असतं तर मी उठून गेले असते. काढली तेव्हाही दुसऱ्याच्याच हाताने काढली होती ना.

म्हणून पागोळी, वळेसर पाठव. "देवाला" असं तू सांगू नकोस आणि "माळ" असंही सांगू नकोस. ती मुलगी सांगेल, तुझ्या लेकीने तुला दिलाय. पुढचं आईवर सोड. आणि त्या मुलीला बजाव, फोटोसाठी मागे लागायचं नाही.

पागोळी (९.४०)
ताई, असंच करते.

बाग_आमची (९.५५)
प्रसंग नाही हे कळतं, पण वाळवण्याचं कोणी सांगितलं तर बरं होईल. झाडं फुललीत, दिवस थोडे आहेत.

तात्या_वेंगुर्ले (बुधवार, सकाळी ८.१५)
बाग_आमची, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. पागोळी, शिरोड्याच्या बाजारात बसणाऱ्या एका ओळखीच्या बाईशी बोललो. नाव-नंबर इथे टाकत नाही, निरोपात पाठवलाय. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीला ती स्वतः पिशवी देईल. दोन वळेसर सांगितलेत. एक रस्त्यात चेपला तर दुसरा असावा.

मोगरा७२ (८.३०)
गाडी चुकली तर? मुलीला आदल्या दिवशी कंडक्टरचा नंबर मिळवून ठेवायला सांगा.

कुडाळचा_केदार (८.४१)
गाडी चुकली तर मी बाइकवर आहे. कुडाळहून मळेवाडला जायला काय लागतंय. ताईंनी नुसता मेसेज करावा.

पागोळी (शनिवार, सकाळी १०.२०)
पोचले. नऊच्या आत घरात होते, केळीच्या पानात, एकही कळी चेपली नव्हती. केदार, तुम्हाला त्रास द्यावा लागला नाही, पण तुम्ही आहात हे माहीत होतं म्हणून गुरुवारी रात्री झोप लागली.

आईचा फोन आला, नेहमी मीच करते. पहिला प्रश्न, "ह्यो वळेसर कोणी ओवल्यान गो?" मी म्हटलं, का गं? म्हणे दोऱ्यात नाही, केळीच्या सोपाच्या धाग्यात ओवलाय, आता असं कोणी ओवत नाही, तिची आई ओवायची. मग अर्धा तास आजीबद्दलच बोलत होती. पैसे किती झाले तेही विचारलं आणि मी सांगितल्यावर ओरडली.

एक वळेसर तिने शेजारच्या मुलीच्या वेणीत स्वतः माळला. दुसरा ट्रंकेत ठेवला, माझ्या बारशाच्या साडीच्या घडीत, बाबांचा स्वेटर आहे त्याच्याखाली. तिने स्वतः माळला का, हे मी विचारलं नाही आणि ती सांगणारही नाही.

सुलभाताई, मोठा नमस्कार. तात्या, त्या बाईंना आई भेटायला जाणार म्हणते, सोमवारी त्या बाजारात असतील का ते विचाराल? आणि रोपवाला, पावसाच्या तोंडावर सोनचाफ्याचं कलम सावंतवाडीत कुठे चांगलं मिळेल? हे आईने मागितलंय. खड्डा ती आत्ताच काढून घेते म्हणाली.

रोपवाला (१०.४५)
दोन बाय दोनचा काढायला सांगा, आणि महिनाभर उन्हात तापू दे. नर्सरीचं निरोपात पाठवतो.